सुभेदाराच्या पोटातली बांगडी

प्रेमदास माणूस ओळखण्याच्या स्थितीत आहे तोवर पंचफुलाला त्याच्यापर्यंत पोचवायचं होतं. आमच्या त्या दिवसाच्या मोहिमेचा हेतू एवढाच. कुणाची शिकार नव्हती, कुणाशी पैज नव्हती. एका टोकाला माझी धाकटी बहीण, दुसऱ्या टोकाला तिचा नवरा आणि मधे बोर नदीचं जंगल!

निरोप कवडूने आणला. कवडू गोंड, जंगलातच जन्मलेला आणि वाढलेला. सागाच्या कूपावर तो प्रेमदासच्या हाताखाली काम करायचा. कूप म्हणजे त्या वर्षी तोडायला दिलेला जंगलाचा पट्टा. प्रेमदास तिथला मुकादम. फाल्गुनातली सकाळ होती. कवडू आंजीला आमच्या अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरे झाले होते.

"बापूराव, मुकादमावर झाड पडलं," तो म्हणाला. "डाक्तर आनला होता. पोटात आतून फुटलं म्हने. हलवू नोका, बैलबंडीच्या हिसक्यानंच जाईन. घरच्याईले बोलवा म्हने." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "फुला, फुला करून राह्यला."

पंचफुला दारातच होती. ती रडली नाही, ओरडली नाही. आत गेली, पेटी उघडली, हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवल्या आणि लाखेच्या चढवल्या. दोन्ही हातांत एकेक. लालभडक, वर आरशाचे बारीक तुकडे बसवलेल्या.

त्या बांगड्यांची गोष्ट मला ठाऊक होती. प्रेमदासने त्या गिरडच्या जत्रेतून मोठ्या हौसेनं आणल्या होत्या, आणि ही बया म्हणाली होती, "अशा बांगड्या आता म्हाताऱ्या घालते." झालं! राजा रुसला. जेवला, न बोलता कूपावर गेला आणि महिना झाला तरी घरी फिरकला नाही. तेव्हापासून पंचफुला माझ्याकडे येऊन राहिली होती. दोघं सारखीच हट्टी. कोण आधी बोलतो यावर घोडं अडलेलं.

"हातात पाह्यल्या पाह्यजे त्याईनं," ती मला म्हणाली. "मंग काई का होईना, दादा."

बैलबंडीने गेलं असतं तर दिवस मावळला असता. पण माझ्याकडे सुभेदार होता. सुभेदार म्हणजे माझी मोटारसायकल. लढाईत लष्कराने वापरून वापरून शेवटी लिलावात काढलेली. मीही लढाईत लष्कराच्या गाड्याच दुरुस्त करत होतो, त्यामुळे आम्ही दोघं एकाच पलटणीतले निवृत्त. गावातले लोक म्हणायचे, बापूरावच्या बायकोला सवत आणायची गरजच नाही, ती अंगणात उभी आहे. म्हणोत बापडे. त्या सकाळी सगळ्या आंजीत जंगलात शिरू शकेल असं चाक फक्त तिलाच होतं.

मी पुढे, पंचफुला माझ्या मागे, आणि तिच्या मागे सामानाच्या लोखंडी जाळीवर कुऱ्हाड मांडीवर घेऊन कवडू. तो आयुष्यात पहिल्यांदाच मोटारसायकलवर बसत होता. पहिल्या वळणावर त्याने डोळे मिटले ते नदीपर्यंत उघडले नाहीत.

बोर नदी आटली होती, पण वाळू आटत नसते! मधे पाण्याची एक बारीक धार आणि दोन्ही बाजूंना भुसभुशीत वाळूचा पट्टा. चाक रुतलं. मी खाली, कवडू खाली, पंचफुला खाली. मी हँडल धरलं, त्या दोघांनी मागून खांदा लावला. इंजिन गुरगुरलं, वाळूचा फवारा उडाला आणि सुभेदार एकदाचा पैलतीरी चढला. पंचफुलाने केसांतली वाळू झटकली आणि पुन्हा बसली.

पुढे जंगल दाट होत गेलं. सागाची पानं गळून गेली होती, त्यामुळे सावली नावाला. पळस मात्र लालेलाल फुलला होता आणि वाटेवर मोहाच्या फुलांचा सडा पडला होता. तो गोड, आंबूस वास नाकात भरत होता. एरवी मी तिथे थांबून बिडी ओढली असती. त्या दिवशी तो सगळा थाट मला शिवीसारखा वाटला. माणूस तिकडे मरतोय आणि रान इकडे नटून बसलंय!

एवढ्यात कवडूने माझ्या खांद्यावर थाप मारली.

"बंद करा. इंजिन बंद करा. अस्वल."

वाटेच्या मधोमध मोहाखाली ते पाठमोरं बसलं होतं. काळंभोर, केसाळ. फुलं खाण्यात गुंग. मी इंजिन बंद केलं. अस्वल वळलं. मागच्या दोन पायांवर उभं राहिलं! कवडूचा हात कुऱ्हाडीवर गेला. पळायला जागा नव्हती.

आणि त्या शांततेत मला आवाज ऐकू आला. टप. टप. टप.

मी मान न हलवता खाली पाहिलं. कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहत होतं. तापलेल्या इंजिनावर पडून त्याची वाफ होत होती, उरलेलं वाळलेल्या पानांवर गळत होतं. समोर अस्वल, खाली पेट्रोल, आणि पेट्रोलची तोटी बंद करायला हात हलवायची सोय नाही! वास दरवळत पुढे गेला. अस्वलाने नाक वर केलं, हुंगलं, फुसकन शिंकलं आणि वैतागल्यासारखं झुडपात निघून गेलं. पेट्रोलने त्या दिवशी आमचं केलेलं हे एकच भलं.

मी आधी तोटी बंद केली. टाकीतून तोटीवाटे पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीत येतं. त्या वाटीत पितळेची एक पोकळ डबी तरंगत असते, तिला फ्लोट म्हणतात. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि एका सुईने पेट्रोलचं तोंड बंद करतो. सुईखाली कचरा अडकला की तोंड उघडंच राहतं आणि वाटी उतू जाते. वाळूतून आलो होतो, तेव्हा कचराच असणार. मी वाटी उघडली, सुई पुसली, बसायची जागा फुंकून साफ केली, सगळं जागच्या जागी लावलं. गळणं थांबलं. आम्ही निघालो.

थोडं पुढे गेलो आणि पुन्हा टपटप.

"दादा, माह्या पायावर पेट्रोल पडून राह्यलं," पंचफुला म्हणाली.

मग मी लष्करातली युक्ती काढली. तोटी थोडा वेळ उघडायची, वाटी भरू द्यायची, मग बंद करून तेवढ्या पेट्रोलवर गाडी पळवायची. खड्ड्यांच्या वाटेवर माझे दोन्ही हात हँडलवर अडकलेले. तेव्हा पंचफुला वाकून, माझ्या गुडघ्याजवळून हात घालून तोटी चालवू लागली. मी म्हणायचो, उघड, ती उघडायची. मी म्हणायचो, बंद. ती बंद करायची. काही वेळाने मला सांगावंही लागेना. इंजिनाचा आवाज कोरडा पडला की तिचा हात आपोआप जायचा. जन्मात कधी यंत्राला हात न लावलेली माझी बहीण सुभेदाराचा श्वास ओळखायला लागली होती.

सपाटीवर हे जमलं. पण खिंडीचा चढ लागला आणि इंजिनाला पेट्रोल सलग हवं झालं. तोटी उघडीच ठेवावी लागली. मोठ्या दगडाशी गाडी बंद पडली. मी किक मारली. पुन्हा मारली. इंजिन उलटं खोकललं.

फट्!

निळी ज्योत उठली. पलीकडून पिवळी. माझ्या पोटरीला चटका बसला. मी ओरडलो, "पंचे, लांब हो!" पण ती आधी वाकली. तिने तोटी बंद केली आणि मगच उडी मारली! खालची पानं पेटली. कवडू दोन्ही ओंजळींनी माती फेकू लागला. पंचफुलाने बसायला घेतलेली सतरंजी ओढली आणि थेट इंजिनावर टाकली. मी वरून माती लोटली. धूर. ठसका. आणखी माती. मग फक्त जळक्या सुताचा वास उरला.

तिने तोटी बंद केली नसती तर सगळी टाकी पेटली असती, आणि आमच्यासकट ती अख्खी खिंड.

आता घाई करून भागणार नव्हतं. गाडी जरा निवल्यावर मी फ्लोट बाहेर काढला आणि कानाशी धरून हलवला. आत खळखळ वाजलं. फ्लोटच फुटका होता! चिरेतून पेट्रोल आत शिरलं होतं. जड झालेला फ्लोट वाटीत बुडून बसत होता, आणि बुडालेला फ्लोट सुई वर कशी ढकलणार?

कवडूने गाडीपासून बरंच लांब तीन दगड मांडून चूल पेटवली. पंचफुलाच्या तांब्यात पाणी तापवलं. चूल विझवल्यावर मी गरम पाण्यात फ्लोट बुडवला. सांध्यातून बुडबुडे निघाले, चीर केसाएवढी. बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवला, म्हणजे आतलं सगळं पेट्रोल उडून जातं. चीर सापडली. बुजवायची कशाने? कथलाचा डाग द्यायचं सामान आंजीला घरी.

कवडूने कमरेची गाठ सोडली. त्यात मधाच्या पोळ्याच्या मेणाचा गोळा होता.

"आमचे पान्याचे तुंबे आमी यानंच बुजवतो. थेंब टपकत नाई."

मला ते एकदम पटलं. मेण चोळून चोळून चिरेत भरलं, थंड केलं, पाण्यात बुडवून पाहिलं. एक बुडबुडा नाही! कवडू हसला, मीही हसलो. भोपळ्याच्या तुंब्यात पाणी असतं आणि वाटीत पेट्रोल, एवढासा फरक त्या घाईत दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. मेण पेट्रोलमध्ये विरघळतं. खिंड अर्धी चढलो आणि टपटप सुरू झालं. उघडून पाहिलं तर मेण जाऊन चीर पुन्हा उघडी. टाकीत डोकावलो. तळ दिसत होता.

मी गाडीला टेकून खाली बसलो. सूर्य डोक्यावरून कलला होता. पायी निघालो असतो तरी खिंडीपलीकडे कूप बरंच लांब. कवडू वारंवार त्या दिशेला पाहत होता आणि पंचफुला आमच्या दोघांच्या तोंडाकडे.

"लाख पाह्यजे," मी म्हणालो. "लाख पेट्रोलले भीक घालत नाई. लष्करात आमी सांधे लाखेनंच बुजवो."

"पळसाची लाख यंदा सारी खरवडून नेली," कवडू म्हणाला. "खाली पाड्यावर भेटन. पन जाऊन येऊन दिस बुडन."

मी पंचफुलाच्या हातांकडे पाहिलं नाही. कवडूनेही पाहिलं नाही. दोघंही इतके न पाहण्याचा प्रयत्न करत होतो की तिलाच कळलं.

"दादा," ती म्हणाली, "ही चालन का?"

"नोको, पंचे."

नवरा जिवंत असलेल्या बाईच्या घरी बांगडीबद्दल फुटली हा शब्द काढत नाहीत. चुकून तडकली तरी वाढली म्हणतात. दोन दसऱ्यांमागे आम्ही सगळी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो होतो, जुन्या चालीरीती तिथेच सोडल्या होत्या. पण डोक्याने सोडलेलं जिभेने अजून सोडलं नव्हतं. आणि ही तर नवऱ्याने बोलून न दाखवलेल्या मायेची बांगडी. त्याला दाखवायची म्हणून घातलेली. तो तिकडे घटका मोजत असताना ही इकडे दगडावर ठेवायची?

पंचफुलाने उजव्या हातातली बांगडी उतरवली. एकदा गालाला लावली. मग दगडावर ठेवून माझ्याजवळचा पाना मागितला.

"फोडली म्हनू नोको," ती म्हणाली. "वाढवली म्हन."

"वाढवली," मी म्हणालो.

तिने एकच घाव घातला. आरशाचे तुकडे उन्हात चमकून इकडेतिकडे उडाले.

पुन्हा लांब चूल, पुन्हा गरम पाणी, पुन्हा बुडबुडे. फ्लोट कोरडा आणि रिकामा झाल्यावर मी पान्याचं टोक निखाऱ्यावर तापवलं, त्यावर लाखेचा तुकडा धरला. लाल थेंब सुटला. तो चिरेवर ओढला, ओल्या बोटाने दाबला. निवल्यावर तो पितळेवर असा बसला की नखाने निघेना. कार्बोरेटरची नळी पुसून मेण काढलं, फ्लोट वाटीत ठेवला, झाकण लावलं, तोटी उघडली. आम्ही तिघं वाकून पाहत होतो.

थेंब नाही. आणखी वाट पाहिली. थेंब नाही!

"बस, पंचे!"

किक. सुभेदार गरजला! खिंड अंगावर आली, दगड उडाले, मागचं चाक दरीकडे घसरलं, कवडूने एक पाय जमिनीवर टेकवून तोल सावरला. वर! अजून वर! आणि अचानक चढ संपला, वारा लागला, खाली तोडलेल्या सागाचे ढीग आणि कूपावरचा धूर दिसला. उतारावर मी इंजिन बंद केलं आणि उरलं होतं ते पेट्रोल वाचवत गाडी तशीच घरंगळत नेली.

प्रेमदास झोपडीत घोंगडीवर होता. उशाशी तानाबाई, त्याची मावशी. कूपावर सैपाक करायची. त्याला आईबाप नव्हते, होती ती हीच. त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. पंचफुला त्याच्याजवळ बसली तेव्हा त्याने वासाने ओळखल्यासारखी मान वळवली.

"फुला?"

"आली मी."

त्याने चाचपडत तिचा हात धरला. नेमका उजवा. उघडा. त्याची बोटं तिच्या मनगटावर फिरली आणि थांबली. तिने घाईघाईने डावा हात त्याच्या हातात दिला. लाखेच्या बांगडीवरून त्याचा अंगठा हळूहळू फिरला, एकेका आरशावर अडखळत.

"घातल्या," तो म्हणाला.

"घातल्या."

"दुसरी?"

"वाढवली. गाडीत हाय. तिनंच आनलं मले तुमच्यापाशी."

त्याला ते कितपत समजलं कोण जाणे. ओठांच्या कोपऱ्यात जरा हसू आल्यासारखं झालं.

"शोभते का?" तिने विचारलं.

न दिसणाऱ्या डोळ्यांनी तो तिच्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिला.

"शोभते," तो म्हणाला.

मी बाहेर येऊन सुभेदाराच्या सीटवर तोंड ठेवून रडलो. लढाईत माझ्या डोळ्यांदेखत माणसं गेली, तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. उन्हं उतरायच्या आत प्रेमदास गेला. त्याचा अंगठा शेवटपर्यंत त्या बांगडीवर होता.

मग कूपावरच्या बायका जमल्या. कुणीतरी तानाबाईच्या हातात दगड दिला. रीत होती तशी. तानाबाई रडत रडत पंचफुलाचा डावा हात शोधू लागली. पंचफुलाने तिचाच हात धरला.

"नोको, मावशी. ते सारं आपन नागपूरले ठेवून आलो."

तानाबाईच्या हातून दगड गळून पडला. ती मटकन खाली बसली आणि पोरीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. पंचफुलाने ती बांगडी आपल्या हाताने उतरवली. मला वाटलं ती प्रेमदासजवळ ठेवेल. पण ती उठून माझ्याकडे आली.

"गाडीच्या पेटीत ठेव, दादा. कोनाले असंच घाईनं जानं पडन कधी."

दुसऱ्या दिवशी कूपाच्या कडेला प्रेमदासला माती दिली. त्या दिवशी लाकूड न्यायला आलेल्या मोटारीतून चार बाटल्या पेट्रोल मिळालं. कवडूने खिंडीपर्यंत सोबत केली. तिथे उतरला, सुभेदाराच्या टाकीवर हात ठेवून जरा उभा राहिला, आणि "येजो" एवढंच म्हणून परत फिरला.

आम्ही दोघंच उतरू लागलो. पळस तसाच लालेलाल होता. मोहाखालच्या त्या जागेशी आलो तेव्हा माझ्या गुडघ्याजवळ तिचा हात आला. तोटीवर.

"बंद करू?" तिने विचारलं.

"नाई, पंचे," मी म्हणालो. "आता टपकत नाई."

तिने हात काढून घेतला. थोड्या वेळाने माझ्या सदऱ्याची पाठ ओली होऊ लागली. मी मागे वळून पाहिलं नाही आणि गाडीही थांबवली नाही. सुभेदार एका लयीत चालत राहिला, थेट आंजीपर्यंत.